सूर्यास्तानंतरची बारा मिनिटं

केंटकी, २० डिसेंबर १९७८

प्रिय मॅव्हिस,

सात वर्षांनी पत्र लिहितोय, तेही वाईट बातमीचं. तुझी आई गेली. मागच्या मंगळवारी, पहाटे. छातीचं दुखणं पार विकोपाला गेलं होतं.

आपलं रेडिओ केंद्र अजून तसंच आहे, सूर्य बुडाला की मुकाट्याने बंद. अंधारात आमच्या रेडिओलहरी शेकडो मैल पळतात आणि लांबच्या मोठ्या केंद्रांच्या बोलण्यात घुसतात, म्हणून सरकारचा हा नियम. डिसेंबरात पावणेपाचलाच गाशा गुंडाळायचा. ल्यूथर न्हावी टोमणा मारतो, "ऑर्व्हिल, तुझा रेडिओ कोंबड्यांच्याही आधी झोपतो!" पण एकवीस वर्षांत मी एक मिनिट चुकवलं नव्हतं. माझा आडमुठेपणा तुला ठाऊकच आहे. "त्या गिटारवाल्याबरोबर गेलीस तर हे घर तुला बंद," म्हणालो, आणि तेही पाळलं. तुझं नाव घरात काढू दिलं नाही.

ऑक्टोबरपासून तुझ्या आईने, आयडेलाने, अंथरूण धरलं. उशाशी रेडिओ. मी घरी आलो की रोज एकच टुमणं. "अंधारात आवाज लांब जातो म्हणतोस ना? मग एक दिवस ठेव की चालू. पोरगी शिकागोत ऐकेल." मी म्हणायचो, परवाना जाईल. "घाल तो परवाना चुलीत!" म्हणून ती भिंतीकडे तोंड करायची.

ती गेली त्या संध्याकाळी पावणेपाच वाजले, हात बटणाकडे गेला आणि थांबला. तुझा पत्ता माझ्याकडे नव्हता. बारा मिनिटं मी तिच्या मृत्यूची बातमी पुन्हा पुन्हा वाचली. नाव, वय, चर्च, शुक्रवारी दहा वाजता. मग बटण बंद केलं. शुक्रवारी पाद्रीबाबांना अर्धा तास थांबवून धरलं. दार वाजलं की मान वळायची. तू आली नाहीस, आणि खोटं कशाला बोलू, तेव्हाही मला तुझाच राग आला.

काल तिचं कपाट आवरताना टेबलक्लॉथखाली तुझी एकतीस पत्रं सापडली. टपाल कचेरीतून ती परस्पर आणायची. प्रत्येकावर पत्ता. म्हणजे नुसतं आजारपण कळवायचं असतं तर तिने दोन ओळी केव्हाही खरडल्या असत्या. तिला निरोप नव्हता पाठवायचा गं, तुला माझ्या तोंडून बोलावणं हवं होतं तिला. आणि मी बारा मिनिटं अख्ख्या मुलखाला चर्चची वेळ सांगत बसलो, तुझं नाव एकदाही घेतलं नाही. मॅव्हिस, चूक माझी होती. त्या गिटारवाल्यालाही घेऊन ये, पण घरी ये.

इतकं करूनही तुझाच,
बाबा