चौतीस वर्षांचं सोवळं

ती. अक्काच्या पायांवर डोकं ठेवून धाकट्या गोपाळकृष्णाचा नमस्कार.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हा कागद. गुडघे कसे आहेत? मागे पाठवलेलं तेल चोळतेस, की नुसतंच देवाजवळ ठेवलंयस? आम्ही नानाखेड्यात मजेत. मला दिवसभर घरात बसलेला बघून कुसुम कंटाळली आहे, बाकी सगळं ठीक.

परवा तू विचारलंस, सत्काराचं भाषण कसं झालं? मी "बढिया" म्हणालो. साफ खोटं! भाषण झालंच नाही. त्याचं असं झालं, चिपच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाचा सत्कार करायचं इथल्या मंडळानं ठरवलं. आता मी तिथे काय केलं ते या लोकांना कसं कळावं? (तुला तरी कुठे कळलंय? अजून सगळ्यांना सांगतेस, आमचा गोपाळ रेडिओच्या कारखान्यात होता.) म्हणून मी कारखान्यातला पांढरा वेषच अंगावर चढवला. टोपडं, तोंडाला फडकं, हातमोजे, बूट, फक्त डोळे उघडे. हातात धूळ मोजायचं यंत्र, निवृत्त होताना पोरांनी भेट दिलेलं. धूळ वाढली की ते कोकलतं. ऑटोवाला म्हणाला, "अंकलजी, फिर कोई बीमारी आ गई क्या?" आणि त्यानं स्वतःच्याही तोंडाला गमछा बांधला.

स्टेजवर मी ऐटीत उभा. अगं, का नसावी ऐट? सिलिकॉनच्या चकतीवर डोळ्यांना न दिसणारा एक कण बसला, तरी महिन्याभराची मेहनत कचऱ्यात जाते. आणि शेवटच्या अकरा वर्षांत माझ्या पाळीत धुळीपायी एक चकती गेली नाही, एक! जपानी साहेब तपासायला आला, दोन दिवस खोट शोधत हिंडला, आणि जाताना मला कमरेतून वाकून नमस्कार करून गेला. मला अभिमान आहे याचा, लपवू कशाला?

तर भय्यासाहेबांनी (आमचे अध्यक्ष, वय सत्त्याऐंशी, त्यांना अडवणार कोण?) माझ्या टोपड्यावर कुंकू लावलं, त्यावर महाकालाचं भस्म फासलं, आणि बायकांनी मूठमूठ गुलाल आणि अक्षता उधळल्या. यंत्र असं कोकललं, की आग लागली समजून अख्खा हॉल बाहेर! बाहेर श्रीखंड-पुरी मांडलेली, त्यामुळे परत कोणी आलं नाही. शेवटी मीही गेलो. पुऱ्या छान होत्या.

तुझा,
गोपाळ

ता. क. मंडळानं पुढच्या रविवारी पुन्हा बोलावलंय, वेष न घालण्याच्या अटीवर. तुझ्या शैलेंद्रला म्हणावं, आईला घेऊन इंदूरहून सकाळीच नीघ. तू पहिल्या रांगेत बसायचंस.

ता. क. आणखी एक. आई गेल्यावर तूच मला वाढवलंस आणि मी मात्र तुझ्या सोवळ्याची टिंगल केली. वाळत घातलेल्या तुझ्या सोवळ्याच्या लुगड्याला मुद्दाम शिवायचो, आणि तू बिचारी ते पुन्हा पिळून वाळत घालायचीस. नोकरीच्या मुलाखतीत साहेबानं विचारलं होतं, आठ-आठ तास कशालाही न शिवता, नाकसुद्धा न खाजवता राहशील? मी म्हणालो, साहेब, मी माझ्या बहिणीच्या स्वयंपाकघरात चौदा वर्षं जेवलोय. नोकरी तिथल्या तिथे मिळाली. भाषणात मी एवढंच सांगणार आहे. तू समोर नसलीस, तर सांगू कुणाला?