राखीव खेळाडूमुळे दिलेली पेनल्टी

रविवार, १८ जानेवारी

आज नागावच्या किनाऱ्यावर फुटबॉलच्या फायनलला मी रेफरी म्हणून पेनल्टी दिली, ती बरोबर होती का? घरी आल्यापासून तेच डोक्यात आहे.

गोलपोस्टच्या मागेच समुद्र, त्यात भरती. बॉल पाण्याकडे निघाला की जो जवळ असेल तो अडवतो, नाहीतर मॅच खोळंबते. कोळीवाड्याच्या टीमचा राखीव खेळाडू किसन तिथेच उभा होता. समोरच्यांचा शॉट बाहेर जाताना त्याने पाय घातला. मी शिटी मारली. बॉल रेषेपार पूर्ण गेलेला नसताना राखीव खेळाडूने अडवला तर पेनल्टीच. हा नियम तिथे फक्त मला माहीत होता, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला आनंद झाला.

लोक आधी हसले. मग गोल झाला आणि कोळीवाडा हरला.

"सर, बॉल दर्यात चाललेला म्हणून आडवला. माजा काय चुकला?" किसन म्हणाला.

"बारा वर्सं नुसता बसून हायस, आजच पाय हलवायचा व्हता?" त्याचा कॅप्टन त्याच्यावर खेकसला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बॉल आत होता ना सर, नक्की?"

मी "हो" म्हणालो.

पण मी पाहिला तो किसनचा पाय. रेषा पाहिलीच नाही. रेषेची चुन्याची फक्की भरतीत तिथे उरली तरी होती का? निकाल आता बदलणार नाही, पण बोलणी तो खातोय. हे कबूल केलं तर पुढच्या वर्षी मला कोणी बोलावणार नाही.

आत्ता किसनला फोन लावला. त्याच्या बायकोने उचलला. "न जेवताच पडल्यात ते. काय सांगू?"

मी म्हटलं, उठवा त्यांना.