वाजतीय म्हंजी ओढतीय

अण्णा, बाप असलात तरी तुम्हाला गाडीतलं काडीचंही कळत नव्हतं. तुम्ही जिवंत असताना हे तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही, आणि गावात तुमचा असा काही डंका होता की सांगून कुणी ऐकलंही नसतं. दारात जीप असलेला माणूस म्हणजे राजा, असे ते दिवस. लष्करातून मोडीत निघालेली ती जीप तुम्ही आणलीत, तिला पोपटी रंग फासलात आणि सीटा, म्हणजे उतारू, भरून पाथर्डी-नगर फेऱ्या मारता मारता स्वतःला इंजिनाचे डॉक्टर समजायला लागलात. मी आता सत्तरीचा आहे. नागापुरात माझं गॅरेज आहे, त्यातल्याच टेबलावर बसून लिहितोय, कारण आज सकाळी तुमचाच अवतार माझ्या दारात येऊन उभा राहिला आणि माझं डोकं फिरलं.

गॉगल लावलेला एक पोरगा, टर्बोची गाडी घेऊन आलेला. टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, अण्णा. तुमच्या वेळी असता तर तुम्ही दोन बसवले असते. हवा जितकी जास्त दाबाल तितकी ठिणगी जरा उशिरा पाडायची असते, नाहीतर पेट्रोल नको तेव्हा भडकतं आणि पिस्टनवर घण बसायला लागतात. या पठ्ठ्याने कुणाकडून तरी बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, वाढवून घेतलेलं, आणि वर ठिणगीही पुढे, म्हणजे वेळेआधी, ओढून घेतलेली. हल्लीच्या गाडीला कान असतो. ठोका ऐकू आला की ती आपणहून ठिणगीचं टायमिंग मागे घेते. तर तो कानही याने बंद करून घेतला होता, का तर म्हणे त्याने पिकअप मरतो! माझ्या लेकीने लॅपटॉप लावून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. हा मात्र ॲक्सिलेटर दाबून मला म्हणतो, "काका, आवाज बघा ना, कसला कडक!" सगळं होतं तसं करून घे म्हटलं, तर तोंड वाकडं करून निघून गेला. लेक म्हणाली, "बाबा, एवढे का चिडलात? गिऱ्हाईक आहे." तिला काय सांगणार? मला त्या आवाजात करंजीचा घाट ऐकू आला होता.

बाहत्तरचा दुष्काळ आहे. गावं खडी फोडायला निघालीत आणि तुम्ही टाकीत निम्मं पेट्रोल, निम्मं रॉकेल ओतताय. त्याबद्दल माझी तक्रार नाही, तेव्हा सगळेच ओतायचे. पण रॉकेल असलं की ठिणगी मागे घ्यावी लागते. तिसगावचा तो दुसरा जीपवाला, ज्याला तुम्ही चारचौघांत ‘म्हातारीची बैलगाडी’ म्हणायचात, तो घेत होता. त्याची गाडी घाटात रडतरखडत चढायची, पण चढायची. तुम्ही नेमकं उलटं केलंत. रॉकेलने गाडी मरगळली म्हणून बॉनेट उघडलंत, डेल्को, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणारा तो डबा, ढिला केलात आणि हाताने पिळून ठिणगी आणखी पुढे घेतलीत. डब्यात चिंचोके हलवावेत तसं इंजिन वाजायला लागलं. मी म्हटलं, अण्णा, हे बरं नाही. तुम्ही मिशीवर हात फिरवलात. "वाजतीय म्हंजी ओढतीय. न वाजणारी गाडी आन् न बोलनारा गडी, दोनी बी बिनकामाची." पारावरची माणसं माना डोलवायची. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे त्यांना तरी कुठे कळत होतं?

तुमच्या थोरल्या लेकीचं, अक्काचं सासर नगरात, दवाखाना हाकेच्या अंतरावर. तिची सासू हात जोडून म्हणत होती, पोरगी अशक्त आहे, इथंच राहू द्या. पण पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला पाहिजे, नाहीतर तुमची पत जाणार! त्यातून दाराशी जीप. "येळ आली तर माझी गाडी हाय की," म्हणालात. वेळ आली. सकाळपासून अक्का तळमळत होती, दुपारी सुईणीने हात टेकले आणि आपण नगरच्या दवाखान्याकडे निघालो. मागे अक्काचं डोकं मांडीवर घेऊन आई बसली आहे, पुढे तुमच्या शेजारी मी. घाटाच्या पायथ्याशी चिंचोके वाजायला लागले. मी अक्षरशः हातापाया पडलो, "अण्णा, थांबवा, टायमिंग मागं घेऊ, लगीच व्हईल." पण मागून तिसगावची जीप येताना तुम्ही आरशात पाहिली होती. "त्यो फुडं जाईल," एवढंच म्हणालात आणि पाय आणखी दाबलात. मागे पोटची पोरगी विव्हळतेय, आणि या गृहस्थाला शर्यत सुचतेय! दोन वळणं झाली नाहीत तोच आत काहीतरी फाटकन वाजलं, पांढरा धूर उठला आणि तुमचा राजरथ घाटातच बसला.

तिसगावचा माणूस काही न विचारता थांबला. आपल्या सीटा खाली उतरवल्या, मी आणि त्याने अक्काला उचलून त्याच्या गाडीत ठेवलं. आई म्हणाली, "तुमी चला की." तुम्ही बॉनेटमध्ये वाकलेले. "त्याच्या गाडीत? मी?" मान वर केली नाहीत. आम्ही निघालो. वळणावर आईने एकदा मागे पाहिलं, मीही पाहिलं. तुमची नुसती पाठ दिसत होती. त्या पाठीचा मला आजही राग येतो.

मुलगी झाली. आणखी उशीर झाला असता तर दोघी गेल्या असत्या, असं नर्स आईला तोंडावर म्हणाली. शुद्धीवर आल्याबरोबर अक्काने विचारलं, "अण्णा कुठायत?" आईने तोंड फिरवलं. मी बोलून गेलो, "तुझ्या गाडीमागं पळत आले, अक्का. जीप तशीच टाकून, घाट चढून पार वरपत्तोर. मग दम लागून बसले." ती रडली आणि शांत झोपली. दोन दिवसांनी तुम्ही उगवलात ते हातात पिस्टन घेऊन! त्याच्या डोक्याला भोक पडलेलं, आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात दिसेल त्याला दाखवताय, "बगा, किती जोर हुता गाडीत! पिस्टनला भोक पाडलं." पडले तरी नाक वर. नातीकडे पाहिलंत ते त्यानंतर. अक्काने तुमचा हात धरून विचारलं, "पाय लई दुखत्यात का हो, अण्णा?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. क्षणभर मला वाटलं, आता खरं बोलाल. तुम्ही म्हणालात, "व्हय, जरा."

फुकटात मिळालेलं बापपण खिशात घातलंत! पुढे पारावर तीच गोष्ट स्वतःच सांगायला लागलात, मिशीवर हात फिरवत. आई ते ऐकून उठून आत जायची. मरेपर्यंत ती यातलं अवाक्षर बोलली नाही. मीही अक्काला कधी सांगितलं नाही आणि सांगणार नाही. पुढे संसारात तिने जे सोसलं ते त्या एका गोष्टीच्या आधारावर सोसलं, हे मला ठाऊक आहे. म्हणून हा कागद लिहून झाला की शेगडीत जाणार, तिच्या हाती लागायला नको.

एक मात्र सांगून टाकतो. दर पितृपक्षात तुमचं पान वाढून झालं की अक्का नातवंडांना गोळा करते आणि मला म्हणते, "सांग रे, अण्णा कसे पळत आल्ते." मी सांगतो. इतक्या वर्षांत एका पायातली वहाण निघाली, तळव्यात काटा मोडला, धोतर फाटलं, सगळं मीच गोष्टीत घातलेलं. तो घाटात पळणारा माणूस मला आवडायला लागलाय, अण्णा. तुम्ही नाही, तो. गेल्या खेपेला सांगता सांगता माझ्या तोंडून भलतंच निघून गेलं, की तिसगावच्या माणसाने जीप थांबवली, हात दिला, आणि अण्णा आत येऊन अक्काजवळ बसले.

"न्हाई रं," अक्का म्हणाली, "बसले कुठं? पळतच आल्ते."

"व्हय," मी म्हटलं, "पळतच."