उलट्या तोंडाचा बाक

आईस, इथूनच वाकून नमस्कार.

आधी आनंदाची बातमी! दुकानासमोरचा उकिरडा गेला. गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून जागा साफ केली, झाडं लावली. सुताराने बाक सिमेंटमध्ये पक्का बसवला, तर तोंड रस्त्याऐवजी माझ्या दुकानाकडे! मी जाम भडकलो.

आता लोक तिथे गप्पा मारत बसतात, माझं शिवणकाम बघतात आणि त्यांना आपली उसवलेली बाही आठवते! शेजारच्या न्हाव्याकडेही रांग असते. जेवायला फुरसत नाही, पण जेवतो हं.

तुझा गुडघा कसा आहे? खरं सांग.

दुकान बंद करून मशीन घरी आणतो, असं मागे कळवलं होतं ना? त्यासाठी रिकाम्या केलेल्या कोपऱ्यात आता खुशाल तुझी खाट टाक.

तुझा धाकटा