शूज काढून बघायची चित्रं

मंगळवार, ९ सप्टेंबर २००८

घेतलं! मला घेतलं! म्युझियममध्ये गाईड व्हायचं ट्रेनिंग, दर मंगळवारी सकाळी. पगार नाही. माझ्या व्हिसावर पगाराचं नावही काढायचं नाही, पण फुकट राबायला इथे कोणाचीच ना नसते. डिसेंबरात परीक्षेची टूर, पास झाले की गळ्यात बिल्ला. माझ्या वाट्याला सोळाव्या-सतराव्या शतकातला युरोप आलाय — चित्रं, चर्चमधली भांडणं आणि जहाजं.

नवऱ्याला, चारूला, ऑफिसात फोन केला. म्हणाला, अरे वा, छान. येताना दूध आण.

शनिवार, १३ सप्टेंबर

रुहीला शाळेत नेमका हाच इतिहास आहे, त्यामुळे लेक माझी मास्तरीण झालीय. पेन्सिल आपटत विचारते, ल्यूथर कोण? म्हटलं, पापं माफ झाल्याच्या पावत्या विकत होते म्हणून खवळलेला एक साधू. "मॉम, यू कान्ट से दॅट इन अ म्युझियम!" का नाही? त्यावरून अख्खा युरोप दुभंगला म्हणे. त्यात काय नवल! आमचं इथलं मराठी मंडळ गणपतीच्या जेवणात कांदा-लसूण घालायचा की नाही यावरून फुटलं. आता ट्रॉय गावचा गणपती वेगळा, शेजारच्या नोव्हायचा वेगळा. ल्यूथरकडे निदान मुद्दा तरी होता.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

आज शोभा झाली. लिहितानाही हसू येतंय आणि कानशिलं तापतायत.

सराव होता. माझ्यापुढे मेरी आणि बाळाचं मोठं चित्र, पूर्वी कुठल्याशा चर्चच्या वेदीवरचं. मी सांगत होते की हे बघायचं चित्र नव्हे, याच्यापुढे मेणबत्त्या लागायच्या, बायका गुडघे टेकून मूल मागायच्या, आजारी नवऱ्यासाठी रडायच्या. छान तंद्री लागली होती. बघते तर सगळे माझ्या पायांकडे बघतायत. बोलता बोलता मी शूज काढून बाजूला ठेवले होते! कधी काढले, देव जाणे. आणि डाव्या मोज्याला भोक. आजच!

आमच्या ट्रेनर मिसेस कोवाल्स्की. सत्तरीच्या, काठीसारख्या ताठ, हसणं त्यांना ठाऊक नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "शूज घाल, नीला. पण आत्ता जे बोललीस, ते परीक्षेत तसंच बोल."

रात्री चारूला सांगितलं तर पोट धरधरून हसला. खूप दिवसांनी. तेवढ्यात विचारून घेतलं, परीक्षेला येशील? घरचं माणूस चालतं. हसू गेलंच. मंगळवारी सकाळी? ऑफिसात काय चाललंय माहितीये ना तुला, म्हणे. माहितीये. दर शुक्रवारी कोणाचं ना कोणाचं टेबल रिकामं होतंय. आणि आमचा तिघांचा व्हिसा त्याच्या नोकरीला टांगलेला.

रविवार, १९ ऑक्टोबर

सापडलं! वास्को द गामाची माणसं कालिकतला उतरली तेव्हा त्यांनी आपलं देऊळच चर्च समजून नमस्कार केला. आतली देवी त्यांना मेरी वाटली. भिंतींवरचे संत चार-चार हातांचे आणि दात बाहेर आलेले, तरी शंका नाही! म्हणजे त्यांनी आमच्या देवीपुढे गुडघे टेकले, मी त्यांच्या मेरीपुढे शूज काढले. फिट्टंफाट.

चारूला ऐकवायला गेले. लॅपटॉपमधून मान वर न काढता "हं" म्हणाला.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

शेवटचं चित्र जमत नव्हतं. हॉलंडमधलं चर्च, आतून पांढरंफेक. नव्या पंथवाल्यांनी मूर्ती फोडल्या, चित्रं उतरवली, वर चुना फासला. नुसता उजेड आणि खांब. यावर काय बोलणार? आज भांडी घासताना सुचलं. बादलीत गणपतीचं विसर्जन केल्यावर हॉलमध्ये रिकामा चौरंग उरतो ना, दोन दिवस कोणी उचलत नाही, येता-जाता तिकडेच लक्ष जातं. ते हेच. फक्त त्यांनी देव चिडून पाठवले, आपण रडून पाठवतो.

पळत चारूला सांगायला गेले. तो फोनवर. हातानेच "नंतर" म्हणाला.

बिल्ला नको मला. यानं एकदा ऐकायला हवंय. लग्नाआधी पुण्यात मी तास तास बडबडायचे आणि हा चहा गार करून ऐकायचा. इथे आल्यापासून मी त्याच्याशी फक्त दूध, इन्शुरन्स आणि रुहीचे क्लास बोलते.

सोमवार, १ डिसेंबर

उद्या. पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. जाऊ दे, खड्ड्यात जा! मोजे नवीन घेतलेत.

मंगळवार, २ डिसेंबर, दुपार

म्युझियमच्या कॅफेत बसून लिहितेय. पास! पास! पास!

आणि तो आला! चौथीची पोरं होती. मेरीपुढे मी शूज घालूनच होते, पण त्या दिवशीची शूज काढल्याची गोष्ट सांगितल्यावर एका पोरीने स्वतःचे काढले. मग सगळ्यांनीच! सिक्युरिटीवाला धावत आला. मिसेस कोवाल्स्कींनी त्याला हातानेच थांबवलं. पांढऱ्या चर्चपाशी वळले तर पोरांच्या मागे चारू. कोट, टाय, हात खिशात. मग असं बोलले, असं बोलले! चौरंगाचं सांगताना तो टक लावून ऐकत होता. एकदाही घड्याळ बघितलं नाही. डोळे भरले होते त्याचे. मी कधी इतकं सुंदर बोललेय का? गाडी आणायला गेलाय. आज मला आभाळ ठेंगणं झालंय.

त्याच दिवशी, संध्याकाळी

शुक्रवारचीही वाट न बघता आज सकाळी ऑफिसात गेल्या गेल्या त्याच्याकडून कंपनीचा बॅज काढून घेतला. घरी जावंसं वाटेना, म्हणून माझ्याकडे आला.