किसनची चुकलेली हजेरी

शिरपूर, १४ फेब्रुवारी १९३८

या वस्तीतल्या पुरुषांना सरकारने गुन्हेगार ठरवले आहे. रोज संध्याकाळी पोलीस पाटलांकडे हजेरी द्यावी लागते. काल किसन गेला नाही. त्याच्या मुलीला देवी आल्या आहेत. दाराला कडुलिंबाचा डहाळा आहे, आणि अशा घरातला माणूस उंबरठा ओलांडत नाही. पाटलांनी त्याला फरारी लिहिले.

हजेरीच्या वेळी मी त्याच्याच अंगणात होतो. वस्तीवरच्या माझ्या प्रबंधात डहाळा धर्माच्या प्रकरणात घ्यावा की आरोग्याच्या, हे ठरवत होतो.

आज किसन आतूनच म्हणाला, “तुमी तं मले घरातच पाह्यलं. पाटलाले सांगा ना.”

अभ्यासकाने मध्ये पडू नये, असे मी म्हणालो. कुणाला समजावत होतो?

“मंग रोज येता कायले?” त्याची बायको म्हणाली. “पोरीचे फोड मोजाले?”

पाटलांकडे गेलो. ते दोन पावले मागे सरकले.

“त्या घरातून आले ना? तिकूनच बोला.”

जबानी लिहून झाल्यावर म्हणाले, “सही करा. पन मंग वस्तीवर जायचा परवाना वापस द्या.”

प्रबंधाला अजून सहा महिने वस्ती हवी होती. सही केली.