घोरपडीचा फोटो आणि हेमराजची साक्ष

मी टिकाराम सोमाजी गभणे, वय अडुसष्ट, वरठीच्या कारखान्यातून निवृत्त, राहणार शहापूर, जिल्हा भंडारा, माझ्या पश्चात काय कोणाचे व्हावे ते आज लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण कॅमेऱ्याला उजवाच लागतो. मला कोणी धमकावलेले नाही की फूस लावलेली नाही. त्यासाठी घरात दुसरे माणूस असावे लागते, ते नाही. पत्नी सुशीला आठ वर्षांपूर्वी वारली.

१. राहते घर माझ्या कष्टाचे आहे. ते आणि बँकेत जे काही असेल ते मुलगी रक्षा, राहणार पुणे, हिला मिळावे. अट फक्त सांदवाडीची, म्हणजे घरामागच्या दोन गुंठे मोकळ्या जागेची. तिथे पेव्हर ब्लॉक टाकू, कचरा होणार नाही, असे रक्षाने फोनवर तीनदा सुचवले आहे. बेटा, तो कचरा नव्हे. त्या पाल्याखाली मुंगूस आपल्या पिल्लांना किडे शोधायला शिकवते. पाला जाळू नये. कडुनिंबाची ढोली बुजवू नये. तिथे पिंगळ्याची जोडी राहते. विकायचे झाले तर खुशाल विक, पण पावसाळ्यात नको. तेव्हा शिंपी पक्ष्याचे घरटे तोंडलीच्या पानांत शिवलेले असते.

२. दोन हार्ड डिस्कमध्ये अकरा हजारांवर फोटो आहेत, एकट्या खारीचे नऊशे. सुशीला गेल्यावर सकाळ सरता सरेना, म्हणून भंडाऱ्याच्या एका लग्नवाल्या फोटोग्राफरकडून जुना कॅमेरा घेतला. एक सोडला तर हे फोटो कोणी पाहिलेले नाहीत. दाखवायला कोणी नव्हते. कित्येक दिवस असे गेले की तोंडातून दिवसभरात एकच शब्द निघाला, ‘थांब’, आणि तोही सातभाई पक्ष्याला. ही काही तक्रार नाही. खरे तर तक्रारच आहे. फोटो गावच्या शाळेला द्यावेत, पण कोणता फोटो कुठे आणि किती वाजता काढला ते पुसून द्यावेत. कारण पुढे येते.

३. माझा शेजारी हेमराज केवळराम लांजेवार. पहिलीपासून आम्ही एका वर्गात, पुढे पंचवीस वर्षे एकाच मोटारसायकलवर वरठीला ड्यूटी. मला शेती नाही. दर दिवाळीला तो आपल्या धानाच्या लोंब्या आणायचा, दोघे मिळून त्यांची झालर विणायचो आणि चिमण्यांसाठी मागच्या दारावर टांगायचो. सहा वर्षे झाली, झालर नाही. दोष माझा आहे.

सहा वर्षांपूर्वी सांदवाडीत एक घोरपड येऊ लागली. हाताएवढी लांब, चालण्यात ठाणेदाराचा रुबाब. मी फोटो काढला आणि गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिले, ‘आमची पाहुणी, रोज सकाळी नऊ वाजता विहिरीच्या काठावर ऊन खाते.’ आठवडा झाला नाही तोच ती नाहीशी झाली. तारेचा फास हेमराजच्या कुंपणाजवळ सापडला. मी विचार केला नाही, विचारलेही नाही. त्याच ग्रुपवर लिहिले, ‘घोरपड हेमराजच्या पोटात गेली, त्याच्या चुलीला विचारा.’ तेवीस जण हसले. मी ते मोजले. हेमराजने ग्रुप सोडला.

दोन वर्षांनी, ज्याने नेली त्यानेच मला चहाच्या टपरीवर हसत सांगितले, “काका, टाइम तं तुमीच लिवला होता ग्रुपवर.” त्याचे नाव मी लिहीत नाही. फास त्याचा होता, पत्ता माझा होता.

हे कळून चार वर्षे झाली. भिंतीपलीकडे हेमराजचा खोकला रोज ऐकू येतो. फाटकापर्यंत कितीदा गेलो आणि कॅमेरा गळ्यात अडकवून परत आलो, जणू पाखरू बघायलाच निघालो होतो. लाज वाटत होती, दुसरे काही नाही.

४. पहिल्या मसुद्यात या जागी असे होते की, माझ्या मृत्यूनंतर ग्रुपवर माझा माफीनामा टाकावा आणि कॅमेरा हेमराजला द्यावा. मसुदा समोरच्या घरच्या कुंताबाईंना वाचून दाखवला. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मेल्यावर माफी मागता काय भाऊ? मंग त्यानं उत्तर कोनाले द्याचं?”

म्हणून ते कलम मी रद्द केले. परवा ग्रुपवर स्वतः लिहिले की हेमराज निर्दोष आहे आणि खोटे मी बोललो. या वेळी कोणी हसले नाही. हेमराज तर ग्रुपवर नाहीच. म्हणून तेच एका कागदावर लिहून त्याच्या फाटकातून आत टाकले, आणि खाली जोडले, ‘रविवारी दहा वाजता साक्षीला ये.’

वकील म्हणाले, ज्याला काही मिळते त्याची साक्ष घेऊ नये, पुढे शंका निघतात. तेव्हा हेमराजला मी या मृत्युपत्रात काहीही देत नाही. कॅमेरा रक्षाला. ती तो कपाटात ठेवील, हे मला माहीत आहे. मला हेमराज एकदा माझ्या घरात बसलेला हवा आहे.

५. साक्षीदारांनी नाव, वय आणि माझ्याशी ओळख किती वर्षांची, ते स्वतःच्या हाताने लिहायचे आहे.

सहीपूर्वी जोडलेला मजकूर : हेमराज दहाला आला नाही. साडेदहाला कुंताबाई म्हणाल्या, दुसरे कोणी बघू का. मी नको म्हणालो. अकरा वाजून गेल्यावर तो आला आणि उभ्यानेच बोलला.

“मले काय देल्लं यात?”

“काहीच नाही.”

“मंग कायले बलावलं?”

“साक्षीले.”

मग खुर्ची ओढून बसला. चष्मा विसरला होता, माझा मागून घेतला आणि सगळे कागद पहिल्यापासून वाचले. त्याला फार वेळ लागला असे मला वाटले. मग पेन मागितला.

ठिकाण : शहापूर
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५

मृत्युपत्र करणार : टिकाराम सोमाजी गभणे (सही)

साक्षीदार १ : कुंताबाई कवडू शेंडे, वय ६१. ओळख : लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून. (सही)

साक्षीदार २ : हेमराज केवळराम लांजेवार, वय ६८. ओळख : बासष्ट वर्षे, मधली सहा धरून. (सही)